हाताने घडवलेल्या वस्तू विकायला स्वतःची वेबसाइट हवीच का?

सूतकाम (चर्चा सुरू करणारी):
हाताने वस्तू घडवून विकणाऱ्या प्रत्येकाने, विक्री थोडी असली तरी, स्वतःच्या डोमेनवर (म्हणजे स्वतःच्या नावाने नोंदवलेल्या वेब-पत्त्यावर) वेबसाइट उभी करावी असं माझं ठाम मत आहे. मार्केटप्लेसवर, म्हणजे अनेक विक्रेत्यांच्या सामाईक ऑनलाइन बाजारात, दुकान असू द्या, पण सगळा भार त्याच्यावर टाकू नका.

कमिशनचं कारण तर आहेच. एट्सी या हस्तकलेच्या मोठ्या मार्केटप्लेसने २०१८ मध्ये व्यवहारशुल्क ३.५ टक्क्यांवरून ५ टक्के केलं, एप्रिल २०२२ मध्ये ६.५ टक्के. त्या वेळी हजारो विक्रेत्यांनी आठवडाभर दुकानं बंद ठेवली, तरी वाढ मागे घेतली गेली नाही. हे शुल्क वस्तूच्या किमतीवर लागतंच, शिवाय ग्राहकाकडून घेतलेल्या पाठवणखर्चावरही लागतं.

पण मला जास्त काळजी वाटते ती दुकानाच्या पत्त्याची. दावांडा हा हस्तकलेचा मोठा जर्मन मंच २००६ पासून चालू होता. ऑगस्ट २०१८ मध्ये तो बंद झाला, आणि विक्रेत्यांना आवराआवर करायला मिळाले जेमतेम दोन महिने. वर्षानुवर्षं लोकांना दिलेली लिंक एका तारखेनंतर चालेनाशी झाली. डोमेन स्वतःचं असेल तर मागची सगळी व्यवस्था बदलली तरी पत्ता तोच राहतो.

मातीकाम:
सहमत नाही. पत्ता तुमचा, पण त्या पत्त्यावर येणार कोण?

नव्या वेबसाइटला सर्च इंजिनमध्ये जागा मिळायला कित्येक महिने जातात, आणि ‘हाताने बनवलेला कप’ असं काही शोधलं तर वरच्या जागा मोठ्या मंचांनीच अडवलेल्या असतात. मार्केटप्लेसवर येणारा माणूस विकत घ्यायच्या तयारीने येतो. पैसे बुडाले तर दाद मागायला जागा आहे हे त्याला ठाऊक असतं. अनोळखी साइटवर कार्डाचा नंबर टाकताना हात थबकतोच. बेमार्ड इन्स्टिट्यूटने गोळा केलेल्या अभ्यासांची सरासरी सांगते की भरलेल्या ऑनलाइन कार्टपैकी साधारण ७० टक्के खरेदी न होताच सोडल्या जातात. ही सरासरी मोठमोठ्या दुकानांना धरून आहे. नवख्या दुकानाचं काय होत असेल?

दावांडाचं म्हणाल, तर ते बंद पडलं हे खरं. पण त्याआधी बारा वर्षं लोकांनी तिथे माल विकला, हेही तितकंच खरं. त्या काळात स्वतःची साइट काढून किती जण टिकले असते?

आणि वेळ. फोटो, वर्णनं, कराची आकारणी, परताव्याचे नियम, अडकलेलं पेमेंट, हे सगळं एकाच माणसाने करायचं. तो प्रत्येक तास चाकावरून उठून द्यावा लागतो. कमिशन भरून ही कामं दुसऱ्यावर सोपवता येत असतील तर मला तो सौदा पटतो.

सूतकाम:
नव्या गिऱ्हाइकाबद्दल तुम्ही म्हणता ते मान्य. मी बोलतेय परत येणाऱ्या गिऱ्हाइकाबद्दल. प्रदर्शनात भेटलेली, पार्सलमधलं कार्ड जपून ठेवणारी, सोशल मीडियावर माझं काम पाहून आलेली माणसं मीच आणलेली असतात. त्यांनाही मी मार्केटप्लेसवर धाडायचं आणि वर टक्केवारी द्यायची? एट्सी स्वतःच्या मंचाबाहेर आपल्या वस्तूंच्या जाहिराती करतं, आणि त्यातून विक्री झाली तर १२ किंवा १५ टक्के वेगळे कापतं. वर्षाला १०,००० डॉलरच्या पुढे विक्री गेली की त्या योजनेतून बाहेर पडण्याची मुभाही उरत नाही. म्हणजे दुकान वाढलं की निवड कमी होते.

तिथल्या खरेदीदाराचा ईमेल त्या ऑर्डरपुरताच वापरायचा असतो. त्याने वेगळी संमती दिल्याशिवाय नव्या मालाची बातमी कळवता येत नाही. स्वतःच्या साइटवर मात्र ज्यांनी आपणहून नाव नोंदवलं त्यांची यादी माझ्याकडे राहते. माझ्या मते साइटवरची सगळ्यात मोलाची गोष्ट तीच.

वेतकाम:
तुम्ही दोघंही माल कसला हे बाजूला ठेवून बोलताय. एकच नमुना पुन्हा पुन्हा करणाऱ्याचं आणि प्रत्येक नग वेगळा घडवणाऱ्याचं गणित एक नसतं.

एकच नग असेल आणि तो दोन ठिकाणी मांडला असेल, तर दोन माणसांनी तो विकत घेतल्याचा प्रसंग कधी ना कधी येतोच. साठा दोन्हीकडे आपोआप जुळवणारी सोय नसेल तर असा नग एकाच जागी ठेवावा. विकला गेला की त्याचं पान काढून टाकू नये. ‘विकले गेले’ असं लिहून खाली ‘असंच काही बनवून हवं असल्यास कळवा’ हा दुवा द्यावा. माझ्याकडे मागणीनुसार करायची कामं बहुतेक अशा जुन्या पानांवरूनच येतात. मार्केटप्लेसवर संपलेल्या वस्तूचं पान असं कामाला लावता येत नाही.

आता वजन. बऱ्याच कुरिअर कंपन्या प्रत्यक्ष वजन आणि आकारमानावरून काढलेलं वजन यांतलं जे जास्त त्याचे पैसे घेतात. लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये गुणून ५००० ने भागायचं, ही सर्रास वापरली जाणारी रीत. ४० × ४० × ३० च्या खोक्यातली टोपली किलोभराची असली तरी आकारणी ९.६ किलोची होते. साइटवर पाठवणखर्च नुसत्या वजनावर लावून ठेवला तर प्रत्येक ऑर्डरीत पदरचे पैसे जातात. दुकान उघडण्यापूर्वी सगळ्यात मोठं खोकं मोजा.

मातीकाम:
हेच मी म्हणतोय. नवशिक्याने इतकं सगळं पहिल्याच दिवशी का अंगावर घ्यावं? आधी मार्केटप्लेसवर विकू द्या. कोणता आकार खपतो, लोक कोणते शब्द टाकून शोधतात, कोणत्या फोटोवर थांबतात, पार्सल कुठे फुटतं हे तिथे कळतं. ते कळल्यावर काढलेली साइट आणि कळण्याआधी काढलेली साइट यांत फार फरक पडतो.

कागदकाम:
साइट आज काढा किंवा दोन वर्षांनी, डोमेन मात्र आजच घ्या. आणि ते स्वतःच्या खात्यावर, स्वतःच्या ईमेलने नोंदवा. साइट बनवून देणाऱ्याच्या खात्यावर नोंदवलं तर त्याच्याशी बिनसल्यावर नाव सोडवून घेता घेता जीव मेटाकुटीला येतो. साइट निघेपर्यंत ते नाव मार्केटप्लेसच्या दुकानाकडे वळवून ठेवता येतं. कार्डांवर, वेष्टनावर तेच छापा.

साधनांबद्दल थोडं. शॉपिफायसारख्या सेवेत दरमहा भाडं जातं, पण सुरक्षा आणि अपडेट त्यांच्याकडे. वर्डप्रेसवर चालणारं वूकॉमर्स मुळात फुकट आहे, पण होस्टिंगचा (साइट ठेवायच्या सर्व्हरचा) खर्च, बॅकअप आणि बिघाड तुमच्याकडे. तांत्रिक कामाची आवड नसेल तर भाडं भरा. कार्डाचे तपशील तुमच्या साइटवर कधीच साठवू नका, ते काम पेमेंट गेटवेच्या, म्हणजे ऑनलाइन पैसे स्वीकारून देणाऱ्या सेवेच्या, पानावरच होऊ द्या. फोटो मूळ आकारात आणि वर्णनं वेगळ्या फाइलमध्ये जपा. मंच बदलताना साइटची मांडणी सोबत येत नाही, एवढाच ऐवज हाती उरतो.

सूतकाम:
डोमेन आधी घ्यावं, हे शंभर टक्के पटलं. ‘आधी मार्केटप्लेस, मग साइट’ हा क्रम मात्र अजून पटत नाही. तिथे जम बसला की साइटचं काम मागे पडत राहतं, असं मी आजूबाजूला बघते. निदान चार चांगल्या वस्तू आणि ईमेल नोंदवायची जागा एवढी छोटी साइट पहिल्यापासून असावी. आणि तिथे किंमत थोडी कमी ठेवावी, म्हणजे लोकांना तिकडे यायला कारण मिळतं.

मातीकाम:
छोटी साइट चालेल, तिला माझा विरोध नाही. किंमत कमी करायला आहे. एकाच कपाच्या दोन किमती दिसल्या की ज्याने जास्त दिले त्याला फसवल्यासारखं वाटतं, आणि पुढच्या वेळी प्रत्येक जण घासाघीस करतो. वाचलेल्या कमिशनमधून हवं तर पाठवणखर्च सोडा किंवा वेष्टन चांगलं करा, मजुरी कमी करू नका. दुसरं, मार्केटप्लेसवर विचारणा करणाऱ्याला ‘साइटवर या, स्वस्त देतो’ असं तिथल्या संदेशात लिहू नका. एट्सीच्या नियमांत ती शुल्कचुकवेगिरी धरतात आणि दुकान बंद होऊ शकतं.