समुद्रकाठच्या गावातले बंद पडलेले पब: यांचा इतिहास लिहायचा कशाला?

दप्तरी
इंग्लंडमधल्या भटकंतीच्या धाग्यावर मी ब्रायटन या समुद्रकाठच्या गावातल्या बंद पडलेल्या पबांची माहिती ‘हरवलेले पब’ या मथळ्याखाली जमवतोय असं लिहिलं, तर दोघांनी विचारलं की गुत्त्यांचा कसला आलाय इतिहास. तिथे अवांतर नको म्हणून हा वेगळा धागा.

ब्रायटनला राजाचा इतिहास हवा तेवढा मिळतो. चौथ्या जॉर्जच्या पॅव्हेलियन या राजवाड्यावर कपाटभर पुस्तकं आहेत. पण १८०१ मध्ये ७ हजारांच्या आसपास वस्ती असलेलं हे गाव १८५१ पर्यंत ६५ हजारांवर गेलं, ते काही राजामुळे नाही. गवंडी, धोबिणी, हमाल, १८४१ मध्ये लंडनहून रेल्वे आल्यावर तिच्यावर पोट असलेले कामगार, आणि आधीपासूनचे कोळी. यांनी रोजनिशा लिहिल्या नाहीत. त्यांच्या मयतफंडाच्या मंडळांच्या बैठका पबात भरत, काम कुठे निघालंय ते पबात कळे, कुणी बुडून मेलं तर कोरोनरची (अकस्मात मृत्यू तपासणाऱ्या अधिकाऱ्याची) चौकशीही पुष्कळदा पबातच बसे. (दुसरी योग्य जागा असेल तर चौकशी पबात नको, हे १९०२ च्या कायद्याने ठरलं.) पबचे कागद हेच या माणसांचे कागद आहेत.

आणि ते सहज हाती लागत नाहीत. १८३० च्या बिअर कायद्याने दोन गिनी भरणाऱ्या कुठल्याही करदात्याला घरच्या पुढच्या खोलीत बिअर विकायची मुभा दिली, मॅजिस्ट्रेटला विचारायचं कारण उरलं नाही. १८६९ पर्यंत हे चाललं. डिरेक्टरीत, म्हणजे गावातल्या रहिवाशांच्या आणि धंद्यांच्या छापील यादीत, अशा ठिकाणी फक्त माणसाचं नाव आणि पुढे ‘बिअर रिटेलर’ एवढंच असतं, पबचं नाव नाही. पुढच्या डिरेक्टरीत तो माणूस गायब, आणि मधल्या काळात रस्त्याचे घरक्रमांक बदललेले. मग जनगणनेत शेजारी कोण राहत होते ते बघायचं. शेजारी तेच असतील तर घर तेच. मग १८७० च्या दशकातला ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा खात्याचा मोठ्या मापाचा नकाशा काढून त्या कोपऱ्यावर ‘पी. एच.’ (पब्लिक हाउस, म्हणजे पब) लिहिलंय का ते पाहायचं, आणि शेवटी ‘द कीप’ या जिल्हा अभिलेखागारात परवान्यांची नोंदवही मागवायची. पाटीवरचं नाव अनेकदा तिथेच पहिल्यांदा दिसतं.

माझं मत: कागद आधी, आठवणी नंतर. आणि हे काम व्हायलाच हवं.

साधाचहा
दप्तरी, तुमच्या चिकाटीबद्दल आदर आहे, पण मत पटलं नाही. मी चंद्रपूरची. २०१५ मध्ये आमच्याकडे दारूबंदी झाली ती बायकांनी वर्षानुवर्षं मोर्चे काढले म्हणून, आणि २०२१ मध्ये ती उठवली तेव्हा आम्हाला कुणी विचारलं नाही. आपल्या राज्यात वॉर्डातल्या निम्म्याहून अधिक बायकांनी आडव्या बाटलीला मत दिलं की दुकान बंद होतं. अशी बंद झालेली दुकानं मला ‘हरवलेली’ वाटत नाहीत. ती आम्ही बंद केली.

तुमच्या नोंदवहीत मालक बोलतो, पोलीस बोलतो. शनिवारी ज्या बाईच्या घरी पगार पोचलाच नाही ती कुठल्या रकान्यात आहे?

दप्तरी
साधाचहाताई, तुमचा प्रश्न रास्त आहे, आणि ती बाई शोधायची तर पबच्याच कागदांत शोधावी लागते. मजुरांचा पगार पबात वाटायला बंदी करणारा कायदा १८८३ मध्ये झाला. तोवर पगार पबात वाटला जात होता म्हणूनच तो कायदा लागला.

दुसरं, १९०४ चा परवाना कायदा. ‘या गल्लीत आणखी एका पबची गरज नाही’ एवढ्या कारणावर मॅजिस्ट्रेट परवान्याचं नूतनीकरण अडवू लागले आणि भरपाई दारूच्या धंद्यावरच्याच पट्टीतून दिली गेली. त्या सुनावण्यांच्या बातम्या वाचा. आठवड्याला किती पिंपं खपतात, जवळपास आणखी किती परवाने आहेत, गिऱ्हाईक कुठल्या थरातलं, मोरी कुठे आहे, सगळं साक्षीत येतं. भरपाईचा मोठा वाटा इमारतीच्या मालकाला, म्हणजे बहुतेक वेळा ब्रुअरीला जायचा. पब चालवणाऱ्याच्या हाती थोडंच लागे. चालवणाऱ्यांत विधवाही खूप, कारण नवरा गेला की परवाना तिच्या नावावर होई. गल्लीतली गरिबी इतक्या जवळून दुसरीकडे कुठे दिसत नाही.

भरतीओहोटी
मी केंटच्या किनाऱ्यावर राहते, मार्गेटजवळ. ‘कागद आधी’ याला माझा विरोध आहे. कागद कुठे जात नाहीत, माणसं जातात. १९६० च्या दशकात चर्चिल स्क्वेअर बांधायला ब्रायटनचे रस्तेच्या रस्ते पाडले. त्यांतल्या पबांत कोण कुठल्या कोपऱ्यात बसायचं, बायकांना कुठल्या खोलीत बसवायचे, कुणाला उधारी मिळायची, हे परवान्याच्या वहीत नाही. ते सांगणारी माणसं आज ऐंशीच्या पुढे आहेत. तुमच्याच गावात क्वीनस्पार्क ही संस्था १९७२ पासून साध्या माणसांच्या आठवणी छापते आहे. नोंदवही पुढच्या वर्षीही उघडता येईल.

दप्तरी
आठवणींना मी कमी लेखत नाही. पण पबच्या बाबतीत त्या फार लवकर दंतकथा होतात. वेस्ट स्ट्रीटवरचं किंग्ज हेड घ्या. १६५१ मध्ये फ्रान्सला पळून जाणारा दुसरा चार्ल्स आपल्याच छपराखाली उतरला होता, असं तिथे पिढ्यानपिढ्या सांगत. जुने कागद तपासणाऱ्यांनी पुढे मिडल स्ट्रीटवरच्या जॉर्ज इनकडे बोट दाखवलं. तरी अजून लोक वेस्ट स्ट्रीटचंच नाव सांगतात. राजाला बोटीतून समुद्रापार नेणारा टेटरसेल पुढे ओल्ड शिप या खानावळीचा मालक झाला, ते हॉटेल आजही आहे, म्हणून त्याची गोष्ट धड राहिली.

भरतीओहोटी
राजाच्या गोष्टीचं उदाहरण देऊन तुम्ही धोबिणीच्या आठवणीला खोटं ठरवताय. राजा उतरला होता असं सांगण्यात पबवाल्याचा फायदा होता. आईला पबच्या मागच्या दाराने बिअरचा जग भरून आणायला पाठवायचे, हे सांगण्यात कुणाचा फायदा?

साधाचहा
भरतीओहोटी, हे अगदी बरोबर बोललात. दप्तरी, १८८३ चा कायदा मला माहीत नव्हता, तो मुद्दा मी मान्य करते. पण ‘हरवलेले पब’ या मथळ्याखाली नुसती नावं, सालं आणि जुन्या पाट्यांचे फोटो लावणार असाल तर माझा विरोध कायम आहे. प्रत्येक पबपुढे तो का बंद झाला आणि कुणी बंद करायला लावला, हे यायला हवं.

दप्तरी
कारणाचा रकाना घालतो. फक्त १९०४ नंतरच्या नोंदीत ‘गरज नाही’ हे मॅजिस्ट्रेटचे शब्द असतात, गल्लीचे नाहीत, तेव्हा कारण कुणाच्या तोंडचं तेही लिहावं लागेल. भरतीओहोटी, मागच्या दारासारखी आठवण मिळाली तर ती सांगणाऱ्याचं वय आणि रस्ता नोंदवून, कागदाची वाट न पाहता घेईन.

वीटकाम
मंडळी, इमारतीचंही बोला. २०२२ मध्ये ऑल्बियन हिलवरच्या बंद माँट्रिअल आर्म्सच्या दर्शनी भिंतीवरच्या हिरव्या टाइल्स फोडायला सुरुवात झाली. शेजारी विरोधाला उभे राहिले, पालिकेने काम थांबवायला लावलं. इंग्लंडमध्ये २०१७ पासून पबचं दुकान किंवा घर करायला रीतसर परवानगी लागते, आणि हरकत घेणाऱ्याला त्या जागेचा इतिहास हाताशी हवा असतो. तो आयत्या वेळी तयार होत नाही. साधाचहाताई, बाटली आडवी करा, मी तुमच्या बाजूने आहे. टाइल्स मात्र राहू द्या.

साधाचहा
टाइल्सना माझी हरकत नाही. आत वाचनालय काढा.