३ टक्के मीठ की अंडं तरंगेपर्यंत?

खानापूरकर:
रोहिणी तोंडावर आल्यात, भाताचं बी मिठाच्या पाण्यात टाकून पोचट काढायचं चाललंय. बादलीत पाणी १५ लिटर. कागदावर '३ टक्के द्रावण' एवढंच लिहिलंय. आई म्हणते, टक्के-बिक्के सोड, अंडं तरंगेपर्यंत मीठ घाल. काल घातलं. अंडं वर यायला पावणेदोन किलो गेलं आणि इंद्रायणीचं निम्मं बी वर! हाताला टणक लागणारंसुद्धा. आता ते कोंबड्यांना घालू काय ओ? मीठ किती ते हिशेबासकट सांगा, आईला दाखवायचंय.

निपाणीची सिस्टर:
दादा, सलाईनच्या बाटलीवर ०.९ टक्के असतं बघा. १०० मिलीत ०.९ ग्रॅम मीठ, म्हणून ५०० मिलीत साडेचार ग्रॅम. तुमचंही तसंच. १०० मिलीत ३ ग्रॅम, लिटरला ३०, १५ लिटरला ४५०. अर्ध्या किलोच्या आतच की! तुमचं पाणी ११ टक्क्यांच्या वर गेलंय.

गणिताचा मास्तर, बेळगाव:
वजनाला वजन धरलं तर ९७ भाग पाण्याला ३ भाग मीठ, म्हणजे १५ लिटर पाण्याला ४६४ ग्रॅम. फरक १४ ग्रॅमचा, भाताला काय कळतोय! पण मीठ तोलूनच घ्या, मगानं नको. खडेमिठात पोकळी राहते, त्याच मगात बारीक मीठ जास्त बसतं.
आईंचं अंडं खोटं नाही. ते पाण्याचा जडपणा दाखवतं. ३ टक्क्यांत लिटरमागे वजन साधारण २० ग्रॅमनंच वाढतं, तेवढ्यात ताजं अंडं तळ सोडत नाही. शिळं मात्र साध्या पाण्यातही तरंगतं, मग मीठ किती घालणार?
कालचं पाणी ठेवलं असेल तर ओतू नका. त्यातलं १ मग आणि साधं पावणेतीन मग, झालं ३ टक्के.

खानापूरकर:
ठेवलंय! वर आलेलं बी साध्या पाण्यात दोनदा धुतलं, नव्या पाण्यात टाकून ढवळलं. बरंचसं खाली बसलं. तेवढं परत धुऊन सावलीत पसरलंय. आईला हिशेब दाखवला. म्हणाली, "अंडं ताजंच होतं." बाकी काही बोलली नाही.

निपाणीची सिस्टर:
उरलेलं खारं पाणी तरव्यात, म्हणजे भाताची रोपं करायच्या वाफ्यात, नका ओतू हं.