दायमाबादच्या चार शिल्पांना डोळे मिटून 'हडप्पन' म्हणायचं का?

खापराचा तुकडा
परवा भाचीच्या शाळेचा प्रकल्प करायला बसलो होतो. विषय 'महाराष्ट्रातील हडप्पा संस्कृती', आणि पहिलंच चित्र दायमाबादच्या बैलगाडीचं. खाली ठसठशीत 'इ. स. पू. २०००'. मी म्हटलं, तारखेपुढे प्रश्नचिन्ह टाक. ती म्हणाली, मार्क जातील मामा. तेव्हापासून डोक्यात भुंगा आहे, म्हणून हा धागा.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यात, श्रीरामपूर तालुक्यात, प्रवरेच्या डाव्या काठावर दायमाबाद नावाचं ओसाड गाव आहे. १९५८ मध्ये बोपर्डीकरांनी ते स्थळ शोधलं. पुढे म. न. देशपांडे, एस. आर. राव आणि एस. ए. साळी यांनी वेगवेगळ्या हंगामांत तिथे उत्खनन केलं. पण सगळ्यात गाजलेली गोष्ट उत्खननात मिळालेलीच नाही. १९७४ मध्ये त्या भागातल्या एका भिल्ल शेतकऱ्याला झाडाचं मूळ खणताना धातूची चार भरीव शिल्पं सापडली. दोन बैलांची गाडी आणि तीत उभा माणूस (लांबी ४५ सेंमी), हत्ती (उंची २५), गेंडा (१९) आणि रेडा (३१). सगळं मिळून वजन ६० किलोंच्या वर.

माझी तक्रार इतकीच. थर माहीत नाही, सोबत खापर नाही, कोळसा नाही. धातूचं कार्बन-मापन होत नाही. मग 'उत्तर हडप्पा' (म्हणजे हडप्पा संस्कृतीचा उतरता काळ) हे ठरवलं कशावरून? पुरातत्त्वज्ञ डी. पी. अग्रवाल यांनी धातूची तपासणी केली, तेव्हा आर्सेनिक एक टक्क्याहून जास्त निघालं. आपल्याकडच्या ताम्रपाषाणयुगीन (तांबं आणि दगड दोन्ही वापरायच्या काळातल्या) वस्तूंत अशी मिसळ दिसत नाही, म्हणून ही शिल्पं ऐतिहासिक काळातलीही असू शकतील, असं त्यांचं मत होतं. हे मत प्रकल्पात सोडा, बहुतेक लेखांतही येत नाही.

प्रवरामाई
आमच्या भागातलं एक तर सापडतं, तेही तुम्हाला बघवत नाही! (हलकं घ्या.)

थर नाही म्हणता, पण जागा तर आहे ना? त्याच टेकाडात साळींना उत्तर हडप्पा काळाची वस्ती मिळाली, तीही सुमारे २० हेक्टरांची. हडप्पा लिपीतली चिन्हं असलेल्या मातीच्या दोन बटणासारख्या मुद्रा आणि चिन्हं कोरलेली चार खापरं मिळाली. कच्च्या विटांनी बांधलेली कबर मिळाली, तिच्यात माणूस उताणा निजवलेला. पुढच्या थरात तांबं वितळवायच्या भट्टीचा भाग मिळाला. एवढं सगळं एका गावात असताना शिल्पं मात्र दुसऱ्याच कुणी हजार-दोन हजार वर्षांनी येऊन पुरली, असं म्हणायला जास्त मोठी उडी लागते.

आणि गेंडा! तो सिंधू मुद्रांवर पावलोपावली आहे. ऐतिहासिक काळ म्हणाल, तर सातवाहनांच्या शिल्पांत गेंडा दाखवा, मी गप्प बसते.

खापराचा तुकडा
गेंड्याचा मुद्दा चांगला आहे, मानतो. बाकीचं नाही. वस्ती हडप्पा काळाची आहे हे कुणीच नाकारत नाही. पण त्याच टेकाडात पाच संस्कृतींचे थर आहेत: सावळदा, उत्तर हडप्पा, दायमाबाद, माळवा, जोर्वे. शेवटच्या जोर्वे काळात तर गाव ३० हेक्टरांपर्यंत पसरलेलं. पाचांतला एकच का निवडायचा? सगळ्यात वलयांकित नाव म्हणून? माझ्या आजोबांच्या वाड्याच्या परड्यात ब्रिटिशकालीन नाणं सापडलं, म्हणून वाडा काही इंग्रजांनी बांधला नव्हता.

ओतारी कोल्हापूरकर
मी पुरातत्त्वातला नाही. घरी तीन पिढ्या ओतकाम. तेवढ्यापुरतं बोलतो.

एक, आर्सेनिक. एक-दीड टक्का आर्सेनिक म्हणजे कुणी मुद्दाम घातलं असं होत नाही. खनिजातूनही येतं. आणि मोड पुन्हा वितळवली की ते धुरावाटे कमी होत जातं. म्हणजे एकाच भट्टीचा माल दोन वेळा ओतला तर आकडे बदलतील. त्यावरून शतक ठरवायचं? मला नाही पटत. शिवाय मोहेंजोदारोच्या वस्तू जुन्या काळी तपासल्या, तेव्हा त्यांतही तांबं-आर्सेनिकचे नमुने निघाले होते. 'हडप्पावाल्यांना हे माहीत नव्हतं' असं कुणाला म्हणता येणार नाही.

दोन, आणि हे प्रवरामाईंच्या विरोधात जातं. मोहेंजोदारोची नर्तकी साडेदहा सेंमीची आहे. हा रेडा त्याच्या तिप्पट उंच, आणि भरीव. भरीव ओतणं सोपं वाटतं, पण जाड भागात धातू सावकाश गोठतो, आकसतो, पोकळ्या धरतो, भेगा पडतात. एवढा धातू एका वेळी वितळवून तुटक न ओतणं हे रोजच्या सरावाचं काम. तो सराव करणारे ओतारी दायमाबादला होते का? असतील तर त्यांची बाकीची कामं कुठे गेली? जोर्वे गावी उत्खननात तांब्याच्या सहा चपट्या कुऱ्हाडी मिळाल्या, तर केवढं कौतुक झालं. आणि इथे एका खड्ड्यात ६० किलो!

सरळसोट
उत्तर प्रदेशात सिनौलीला २०१८ मध्ये रथ सापडले. दायमाबादलाही रथ. सलग परंपरा आहे, सरळ आहे. परकीय सिद्धांतांच्या चष्म्यातून बघायचं सोडा.

प्रवरामाई
सरळसोट, मी हडप्पाच्याच बाजूची आहे, पण असली मदत नको. सिनौली बागपतला, ते दफन आणि काळही वेगळा. भरीव चाकं दोन्हीकडे आहेत एवढंच. तेवढ्यावर परंपरा उभी राहिली, तर आमच्या गल्लीतला हातगाडा आधी त्या परंपरेत येईल.

ओतारीदादा, तुमचा दुसरा मुद्दा मला उलटा वाटतो. जोर्वे लोकांकडे तांबं तुटपुंजं होतं, हे खरंच. मणी, बांगड्या, गळ, एखादी कुऱ्हाड. म्हणूनच हा ऐवज त्यांचा नसावा! ज्यांच्या मागे मोठा व्यापार आणि राजस्थान-गुजरातकडचं तांबं होतं, त्यांचाच असणार. पुरातत्त्वज्ञ ढवळीकर, शिवाय राव, साळी, देशपांडे या चौघांनीही उत्तर हडप्पा काळच मानला, तो काही गावाचं नाव मोठं करायला नाही.

खापराचा तुकडा
चौघे एका बाजूला, म्हणून ती बाजू बरोबर? इथेच तर गोची आहे. 'जोर्वे लोक गरीब, म्हणून त्यांचं नाही' हे धरलं, तर 'सातवाहन काळ श्रीमंत, म्हणून त्यांचं' हेही धरावं लागेल. ओतारीदादांच्या गावीच ब्रह्मपुरीच्या उत्खननात सातवाहनकालीन काशाची भांडी आणि शिल्पं मिळाली. त्यांत ग्रीक देव पोसायडनची मूर्ती आहे आणि हत्तीवर बसलेली माणसंही आहेत. तेव्हा दख्खनमध्ये हत्ती ओतणारे हात नक्की होते.

ओतारी कोल्हापूरकर
टाऊन हॉलच्या संग्रहालयात तो हत्ती मी लहानपणापासून बघतोय. घडण नाजूक, माणसं गर्दी करून बसलेली. दायमाबादचा हत्ती जड, आडदांड, पाय खांबासारखे. कारागिराच्या हाताला वळण असतं. हे दोन्ही हत्ती एकाच वळणाचे म्हणाल, तर नाहीत. शैलीवरून बोलायचं झालं, तर खापराचा तुकडा, तुमचा तुकडा इथे फुटतो.

निवृत्त मास्तर
एक गोष्ट कुणी बोललं नाही. हत्ती, रेडा, गेंडा हे पाटावर उभे केलेले आहेत आणि पाटाला चाकं. हत्तीची चाकं हरवली, पण आख बसवायच्या जागा आहेत. म्हणजे ही ओढायची. खेळणी म्हणावीत तर वजन कुणा लेकराला झेपेल? मिरवणुकीची असावीत, असा आपला माझा अंदाज. आणि गाडीवरच्या त्या उभ्या पुरुषाच्या जननेंद्रियावर नागफणे आहेत, हे शाळेच्या पुस्तकात कधी येणार नाही. वर्गात चित्र दाखवायची वेळ आली की मी पान उलटायचो. त्या नागफण्यांवरून कुणी शिवाशी नातं जोडतं. जोडू देत. पण पुजेची वस्तू असेल, तर ती पिढ्यान्‌पिढ्या जपली जाते. ओतली एका काळात, पुरली दुसऱ्याच काळात, असंही होऊ शकतं की नाही?

प्रवरामाई
मास्तर, हे पटलं. मग 'कधीची' हा एक प्रश्न नाही, दोन आहेत.

खापराचा तुकडा
बरं, मीही थोडा मागे येतो. गेंडा आणि शैली बघता सातवाहन काळ मलाही अवघड वाटायला लागलाय. आर्सेनिकवर मी जास्त भार टाकला, ओतारीदादांचं ऐकून तो काढून घेतो. पण 'इ. स. पू. २०००' असं ठोक लिहिणं अजूनही मान्य नाही. 'बहुधा उत्तर हडप्पा, थर अज्ञात' एवढं लिहायला काय जातं? शिशाच्या समस्थानिकांवरून (धातूतल्या शिशाच्या अणूंच्या वेगवेगळ्या प्रकारांवरून) तांबं कुठल्या खाणीचं ते कळू शकतं, पण मोड मिसळलेली असेल तर तेही धूसर.

प्रवरामाई
'बहुधा' चालेल. पण उत्खननात नाही मिळालं म्हणून कमी अस्सल, हा सूर सोडा. त्या शेतकऱ्याच्या खड्ड्यातून ते ६० किलो तांबं थेट मोडीत गेलं असतं, तर आज भांडायला काय उरलं होतं?

बैलगाडा ३१
मी घाटाखालचा, शर्यतीवाला. एवढे हुशार लोक 'रथ रथ' करताय, जरा फोटो नीट बघा की. आत बसायला साटी नाही, माणूस उभा, पुढे लांब दांडी, जू, दोन बैल. आमचा छकडा असाच असतो. फक्त चाकं भरीव, आरे नाहीत. आणि दांडीवर कुत्रं उभं आहे ते कुणीच का सांगितलं नाही? सगळ्यात भारी तर तेच आहे.

निवृत्त मास्तर
कुत्रं राहिलंच खरं. त्याबद्दल कुणाकडे काही असेल तर लिहा. माझ्याकडे काहीच नाही.