प्रतिसाद: इफ्रेम शे यांचे घराणे आणि त्यांचा लाकूड व्यवसाय

शे घराण्याच्या वंशावळीविषयीच्या वरच्या चर्चेत अमेरिकेतील इफ्रेम शे यांचा उल्लेख केवळ 'इंजिनाचे संशोधक', म्हणजे जंगलातून ओंडके वाहणाऱ्या 'शे' या वाफेच्या रेल्वे इंजिनाचे जनक, असा आला आहे. त्यांच्या कुटुंबाचा इतिहास शोधताना ते मुळात लाकूड व्यापारी होते, हे विसरून चालणार नाही. 1839 मध्ये ओहायोत जन्मलेले आणि यादवी युद्धात लढलेले शे पुढे पत्नी जेन यांच्यासह मिशिगनच्या जंगलपट्ट्यात स्थायिक झाले. तिथे ओंडके हिवाळ्यात बर्फावरून घसरत न्यावे लागत आणि बर्फ वितळले की काम थांबे. यावर उपाय म्हणून त्यांनी लाकडी रूळ टाकले, पण नेहमीच्या इंजिनाच्या वजनाने ते पार खराब होऊ लागले, तेव्हा सगळ्याच चाकांना ताकद पोचवणाऱ्या इंजिनाची कल्पना त्यांना सुचली. उजव्या अंगाला उभे सिलिंडर, त्यांच्याखालून जाणारा लांब दांडा, चाकांवरचे दाते आणि तोल साधण्यासाठी डावीकडे सरकवलेला बॉयलर, अशी ही रचना आजही जवळून पाहताना मन थक्क होते. पेटंट 1881 मध्ये मिळाले; पुढे ओहायोतील लिमा या रेल्वे इंजिनांच्या कारखान्यात अशी 2,700 हून अधिक इंजिने बनली.

मिशिगनमधील हार्बर स्प्रिंग्ज येथील त्यांचे षट्कोनी घर अजून उभे आहे. त्याच्या भिंतींना ठसे उमटवलेले पत्रे लावलेले आहेत. माझ्या मते या माणसाचा स्वभाव कुठल्याही वंशावळीपेक्षा या घरातच अधिक स्पष्ट दिसतो. वंशज शोधणाऱ्यांनी जमिनीचे दस्त आणि जनगणनेच्या याद्या आधी तपासाव्यात, कारण लाकूड व्यापाऱ्यांची कुटुंबे जंगल संपेल तशी गाव बदलत असत.