‘क्वायट व्हेकेशनिंग’ म्हणजे इस्त्री केलेली कामचुकारी?

सुपारीबाग, गुहागर

मे महिन्यात आमच्या होमस्टेत पुण्या-मुंबईची एक-दोन तरी मंडळी अशी असतात, की रजा न टाकताच आलेली. लॅपटॉप ओटीवर उघडा आणि साहेब समुद्रावर. परवा एकाने माउस एका छोट्या फिरत्या चकतीवर ठेवला आणि टॉवेल खांद्यावर टाकून निघाला. चकती फिरतेय, स्क्रीनवरचा बाण हलतोय, तिकडे ऑफिसात याच्या नावापुढे हिरवा ठिपका. विचारलं तर म्हणे, "काका, याला क्वायट व्हेकेशनिंग म्हणतात. अमेरिकेतसुद्धा करतात."

अमेरिकेत करतात म्हणजे झालंच! आमच्या वाडीत शिंपणाला येणारा गडी आला नाही की त्याची हजेरी जाते. त्याच्या दांडीला कोणी इंग्रजी बारसं करत नाही. पाट्या टाकतोस म्हटलं की माणूस निदान खाली बघायचा. 2022 मध्ये क्वायट क्विटिंग आलं, मग बेअर मिनिमम मंडे, म्हणजे सोमवारी जेमतेम तेवढंच काम करायचं, मग कॉफी बॅजिंग, म्हणजे ऑफिसात जाऊन कार्ड दाखवायचं, कॉफी प्यायची आणि घरचा रस्ता धरायचा. असं गोंडस नाव मिळालं की लाज जाते, हे माझं स्पष्ट मत. पटत नसेल तर बोला.

रात्रपाळी, चिपळूण

नाही पटत. चकतीवाल्याची बाजू मी घेत नाही, ती सरळ फसवणूक. 2024 मध्ये अमेरिकेतल्या एका बड्या बँकेने कीबोर्ड चालू असल्याचं भासवणाऱ्या डझनभराहून जास्त लोकांना काढलं, त्याबद्दलही मला दुःख नाही. पण क्वायट क्विटिंग तुम्ही त्याच टोपलीत का टाकलंत? ठरलेलं काम ठरलेल्या वेळेत करायचं आणि लॅपटॉप मिटायचा, एवढंच आहे ते. यात चुकवलं काय?

माझा कॉल रात्री साडेदहाला सुरू होतो, कारण तिकडे तेव्हा दुपार असते. सकाळी नऊला पुन्हा हजर. या जादा तासांनाही इंग्रजी नाव आहे बरं का, ‘ओनरशिप’. पगाराच्या स्लिपवर ते काही दिसत नाही.

बंदरावरचा, रत्नागिरी

सुपारीबागवाले काका, ही नावं कोणी ठेवली ते बघा. जुनी बहुतेक वरून आलेली आहेत. ‘स्लॅकर’ घ्या. पहिल्या महायुद्धात अमेरिकेत लष्करभरती चुकवणाऱ्याला हा शब्द लावायचे आणि 1918 मध्ये न्यूयॉर्कात अशांना धरायला रस्त्यांवर धाडी पडल्या. ‘सोल्जरिंग’ म्हणजे मुद्दाम संथ काम करणं. फ्रेडरिक टेलरने 1911 च्या पुस्तकात त्यावर पानंच्या पानं खर्ची घातलीत. हा टेलर घड्याळ लावून मजुरांची कामं मोजणारा, म्हणजे मालकांच्याच बाजूचा. पण त्यालाही कबूल करावं लागलं, की मजुराने जोर लावून जास्त माल काढला की मालक नगाचा दर कमी करतो, आणि एकदा असा हात पोळला की तो पुन्हा जोर लावत नाही. याला आळस म्हणायचं का?

आणि 1889 ची ग्लासगो बंदराची गोष्ट तर आपल्या मिरकरवाडा बंदरात सांगण्यासारखी. गोदी कामगारांचा संप फसला. मालकांनी शेतावरची माणसं आणून माल उतरवला होता आणि त्यांच्या कामाचं कौतुकही केलं होतं. कामगार मुकाट परत आले आणि अगदी त्या नवख्यांसारखंच काम करू लागले. तितकंच हळू, तितकंच धांदरट. मालाची नासधूस व्हायला लागली तशी मालकांनी संपात नाकारलेली पगारवाढ दिली. स्कॉटिश बोलीतलं ‘का’कॅनी’, म्हणजे जरा जपून, हे तेव्हापासून कामगारांच्या तोंडी बसलं. हे नाव खालून आलेलं, म्हणून मालकांना ते शिवीसारखं लागायचं.

कलमवाला, देवगड

पुस्तकं ठीक आहेत, पण एप्रिलात माझ्या बागेत या. रोजंदारीवर माणूस लावला की मी पाठ फिरवली रे फिरवली, तो सावलीत. बिडी, मग पाणी, मग फोन. ग्लासगोचा अन्याय त्याच्यावर कोणी केलेला नाही. मजुरी वेळेवर, जेवण घरचं. अंगचोरपणा हा अंगचोरपणाच.

रात्रपाळी, चिपळूण

मग उक्तं द्या की.

कलमवाला, देवगड

दिलं होतं. क्रेटवर पैसे म्हटल्यावर फांद्या हलवून आंबा पाडला, देठ मोडले, चीक सालीवर ओघळला. चार दिवसांनी पेटी उघडली तर फळावर काळे डाग. दलालाने भाव निम्म्यावर आणला. झेल्याने, म्हणजे जाळी लावलेल्या काठीने, एकेक फळ देठासकट उतरवणारा माणूस लांबून बघितला तर हळू काम करतानाच दिसतो, हे मला मान्य आहे. पण हळू आणि चुकार यातला फरक मालकाने झाडाखाली उभं राहून किती वेळ बघायचा? मला दुसरी कामं नाहीत?

जुना खलाशी, श्रीवर्धन

तुमच्या चकतीवरून आठवलं. ‘स्विंगिंग द लेड’ म्हणजे काम टाळणं. लेड म्हणजे पाण्याची खोली मोजायचा शिशाचा लांबट ठोकळा. त्याला दोरी, दोरीला ठरावीक अंतरावर चामड्याचे आणि कापडाचे तुकडे, अंधारात हाताला कळावेत म्हणून वेगवेगळे. खलाशी जहाजाच्या कडेला उभा राहून तो झुलवतो आणि पुढे फेकतो. नुसताच झुलवत राहिला तर लांबून वाटतं, काय राबतोय! शब्द यावरूनच आला असं सांगतात, जरी पहिल्यांदा छापलेला दिसतो तो पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांच्या बोलीत.

पण एक गोष्ट लोक विसरतात. ठोकळ्याच्या बुडाला खळगा असतो, त्यात चरबी भरायची. तळाला टेकला की चरबीला वाळू, चिखल किंवा शिंपल्याचा चुरा चिकटून वर येतो. टंगळमंगळ करणाऱ्याची चरबी कोरी. आमच्या काळी खोली मोजायला यंत्र आलं होतं, लेड नुसता ठेवणीतला, तरी वरिष्ठ वापरायला लावायचे आणि आधी बूड बघायचे. तुमचे साहेब लोक हिरवा ठिपका बघतात, मग त्यांना ठिपकाच मिळणार.

तारकर्लीचो

तुमी सगळे सोमवारी सकाळी अकराक हय वाद घालतास, तेका इंग्लिशीत काय म्हणतत?

बंदरावरचा, रत्नागिरी

त्यालाही आहे, ‘सेंट मंडे’. कारखाने यायच्या आधी इंग्लंडातले चांभार, विणकर सोमवारी सर्रास काम बंद ठेवायचे, आणि विचारलं तर संताचा वार आहे म्हणायचे. नगावर पैसे, त्यामुळे शनिवारपर्यंत माल पुरा केला की मधे कोण विचारतो! भोंगा लागून ठरावीक तास आले, मग हळूहळू ते मोडलं.

सुपारीबाग, गुहागर

खलाशीबुवांचं चरबीचं पटलं. क्वायट क्विटिंगचंही अर्धं पटलं, पण अर्धंच. सहाला लॅपटॉप मिटतो म्हणणाऱ्याने तो नऊला उघडलेला पण असावा.

एक मात्र सांगा. हीच रजा न घेता आलेली मंडळी लाईट गेली, वायफाय बंद पडलं की रात्री अकराला माझं दार वाजवतात, "काका, अर्जंट कॉल आहे." मी लुंगी सावरत जनरेटर सुरू करतो. माझ्या त्या जादा तासांना काय म्हणायचं?

रात्रपाळी, चिपळूण

काही म्हणू नका. बिलात लावा.