पैदाशीच्या बोकडाला जस्त-सेलेनियमचं टॉनिक: गरज की वायफळ खर्च?

माळरान: पावसाळ्याच्या तोंडावर उस्मानाबादी शेळ्या माजावर येऊ लागल्या की बोकडाला टॉनिक सुरू करतात. तोवर फार उशीर झालेला असतो. शुक्राणू तयार व्हायला साधारण ४८ दिवस लागतात, आणि पक्व होऊन बाहेर पडायला आणखी १० ते १४. जूनअखेर लावायचा बोकड एप्रिलअखेरीसच खुराकावर हवा. तेव्हापासून जस्त, सेलेनियम आणि ई जीवनसत्त्व तिन्ही द्यावीत असं माझं ठाम मत आहे. जस्त कमी पडलं की वृषणांची वाढ खुंटते. सेलेनियमविना शुक्राणूचा मधला भाग कमजोर राहतो, शेपटी तुटते. ई जीवनसत्त्व शुक्राणूचं आवरण सांभाळतं, आणि उन्हाळभर पडून राहिलेल्या कडब्यात ते नावालाच उरतं. वरून दिलं नाही तर मिळणार कुठून?

गोठा-डॉक्टर: माळरानदादा, दिवसांचं गणित बरोबर आहे. आता जस्ताचंही मांडा. ४० किलोचा बोकड पाण्याचा अंश सोडून दिवसाला सुमारे १.३ किलो आहार खातो. किलोमागे ५० मिलिग्रॅम गरज धरली तरी ६५ मिलिग्रॅम झाले. पिशवीवर जस्त १ टक्का लिहिलेलं खनिज मिश्रण १० ग्रॅम दिलं की १०० मिलिग्रॅम पोटात गेलं. मग बाटली कशाला? कमतरता असेल तिथेच भर घातल्याचा फायदा दिसतो. सेलेनियमची तर मला भीतीच वाटते. गरज किलो कोरड्या आहारामागे ०.१ ते ०.३ मिलिग्रॅम, आणि ५ च्या घरात गेलं की केस गळतात, खुरं सोलतात. मिश्रण, बाटली, इंजेक्शन तिन्हींत ते असू शकतं. लेबलं वाचून बेरीज करा.

कपाशीपट्टा: दोघेही पेंडीबद्दल बोलत नाही आहात. विदर्भ-मराठवाड्यात खुराक म्हणजे सरकी किंवा सरकी पेंड. त्यातलं गॉसिपॉल, म्हणजे कपाशीच्या बीतलं नैसर्गिक विषारी द्रव्य, शुक्राणूच्या नेमक्या त्याच मधल्या भागावर घाव घालतं. एक्स्पेलरच्या, म्हणजे तेल काढायच्या घाण्याच्या, उष्णतेत बरंचसं प्रथिनाला चिकटून निष्प्रभ होतं. अख्ख्या सरकीत मात्र ते मोकळंच असतं. गाभण शेळीला चालतं म्हणून बोकडाला चालेल असं नाही. पैदाशीच्या नराची सरकी दोन महिने आधी पूर्ण बंद करा आणि शेंगदाणा किंवा सोयाबीन पेंड द्या.

माळरान: ताई, सोयाबीन पेंडीचा भाव बघितलात का? फ्लोरिडात १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात तरुण होल्स्टीन वळूंना रोज किलो वजनामागे १४ मिलिग्रॅम मुक्त गॉसिपॉल दिलं होतं. सोबत रोज ४००० युनिट ई जीवनसत्त्व दिलं, तर वीर्यावरचा दुष्परिणाम टळला. पूरक खाद्याचं काम हेच ना?

कपाशीपट्टा: तो वळू होता दादा, बोकडाची मात्रा त्यातून थेट काढता येत नाही. शिवाय विष खाऊ घालून वर उतारा देण्यापेक्षा विषच काढून टाकणं स्वस्त. ३०० ग्रॅम खुराकात पेंड लागते फार तर ७५ ग्रॅम. एका बोकडामागे खर्च किती वाढतो?

गोठा-डॉक्टर: ताईंशी सहमत. पण खुराक वाढवतानाही जपा. मका भरडा आणि गव्हाच्या कोंड्यात फॉस्फरस जास्त, कॅल्शियम कमी. हे प्रमाण उलटं, म्हणजे कॅल्शियम दोन भाग आणि फॉस्फरस एक भाग हवं. नाहीतर मूत्रमार्गात खडे होतात. बोकड पाय ताणून कुंथतो, थेंबथेंब मुततो, लिंगाच्या टोकाजवळच्या केसांना वाळूसारखे कण चिकटलेले दिसतात. असं दिसलं की त्याच दिवशी डॉक्टर बोलवा, मूत्राशय फुटायला वेळ लागत नाही. आधीपासून खुराकात अर्धा ते एक टक्का नवसागर आणि दिवसभर स्वच्छ पाणी ठेवलं की धोका घटतो. दुसरं, चरबी. वृषणं शरीरापेक्षा काही अंशांनी थंड राहावी लागतात. अंडकोषाच्या मानेत चरबी साठली की उष्णता बाहेर जात नाही, आणि मग कोणतंही टॉनिक कामाला येत नाही. फासळ्या हाताला लागाव्यात, डोळ्यांना दिसू नयेत.

माळरान: खडे आणि चरबीचं मान्य. पण हिरवा चारा नसेल तिथे एप्रिल-मेमधलं ई जीवनसत्त्व मी सोडणार नाही. लसूणघास किंवा शेवरी रोज मिळत असेल तर बाटली नको, इतपत मागे येतो.

गोठा-डॉक्टर: मग बोकड लावायच्या आधी वीर्य तपासून घ्या. आणि नोंदवही ठेवा: त्याच्याखालच्या बऱ्याच शेळ्या २१ दिवसांनी पुन्हा माजावर आल्या तर आधी ताप, ऊन आणि ब्रुसेलोसिस (गर्भपात घडवणारा संसर्गजन्य रोग) तपासा. ताप येऊन गेला असेल तर पुढचे दोन महिने तो बोकड लावू नका.