पेज व्ह्यूवर फॉन्टचे पैसे: हे मीटर कोणाच्या सोयीचं?

वेलांटी
साइटसाठी एक फॉन्ट विकत घेतला. लायसन्स २,५०,००० पेज व्ह्यूंचं (पान एकदा उघडलं की एक व्ह्यू), व्ह्यू संपले की पुन्हा खरेदी. वाटलं, वर्षभर बघायला नको. पाचव्याच महिन्यात मेल आला, कोटा संपला! आमच्या ॲनालिटिक्समध्ये (साइटवरच्या भेटी मोजणारं साधन) तोवर जेमतेम पावणेदोन लाख भरले होते.

म्हणून पान कुठून काय मागवतं ते दाखवणारा ब्राउझरचा नेटवर्क टॅब उघडून बसले. फॉन्टच्या सीएसएसमधली (पानाचं रूप ठरवणारी फाइल) पहिलीच ओळ इम्पोर्टची, म्हणजे थेट विक्रेत्याच्या सर्व्हरला हाक मारणारी; व्ह्यू मोजतात ते याच हाकेवरून. पान उघडलं, हाक गेली. रिफ्रेश केलं, परत गेली. मुद्दाम चुकीचा पत्ता टाकला, तर ‘पान सापडले नाही’वरही गेली. फॉन्टची फाइल मात्र माझ्याच सर्व्हरवर, तीही वाचकाच्या कॅशमधून (ब्राउझरने साठवलेल्या प्रतीतून) उघडणारी. सर्व्हर माझा, बँडविड्थ माझी, मीटर त्यांचं. ही लूट नाही तर काय?

काना_मात्रा
लूट कसली? तुम्ही फाइल नाही, वापराचा परवाना घेतलाय. डेस्कटॉप लायसन्स किती कॉम्प्युटरवर फॉन्ट बसवणार यावर ठरतं. वेबवर ते माप लावायचं कसं? हौशी ब्लॉग आणि रोज लाखो वाचणारं वर्तमानपत्र यांना एकच भाव लावला, तर तो वर्तमानपत्राच्या ऐपतीचा असेल आणि ब्लॉगवाला दारातूनच परत जाईल.

आणि देवनागरी फॉन्ट करायला काय लागतं, कधी पाहिलंय? इंग्रजीची २६ अक्षरं लहान-मोठ्या दोन रूपांत काढली की बरंचसं उरकतं. इथे शेकडो जोडाक्षरं, वर प्रत्येक वजनासाठी (बारीक, जाड वगैरे) तीच मेहनत पुन्हा.

वेलांटी
मेहनत मान्य, पैसे दिलेत की! पण जास्त वाचक म्हणजे जास्त कमाई, हे कुठून आलं? आमची साइट फुकट माहिती देते, जाहिरात एक नाही. एखादा लेख गाजला तर मला आनंदाऐवजी धडकी भरते.

रफार
मुळात मीटर अपरिहार्य नाही. वर्गणीवर वेबफॉन्ट देणाऱ्या टाइपकिटचं ॲडोबी फॉन्ट्स झालं तेव्हा, २०१८ मध्ये, त्यांनी पेज व्ह्यूची मर्यादा काढून टाकली. शिवाय ओपन फॉन्ट लायसन्सवाले, म्हणजे मोफत वापरता येणारे फॉन्ट आहेत, ना मोजणी ना मेल. फक्त ते स्वतःच्या सर्व्हरवर ठेवा. गूगलच्या सर्व्हरवरून फॉन्ट आणताना वाचकाचा आयपी पत्ता संमतीशिवाय तिकडे पोचतो, म्हणून म्युनिकच्या कोर्टाने २०२२ मध्ये एका साइटवाल्याला १०० युरो भरपाई द्यायला लावली होती.

काना_मात्रा
ॲडोबीची वर्गणी थांबली की फॉन्टही गेला, तेही सांगा की. घर भाड्याचंच, फक्त मीटर दिसत नाही.

अर्धचंद्र
भांडण चालू द्या, पण वेलांटीताई, तुमचे पाऊण लाख कुठे गेले ते सांगतो. ॲनालिटिक्स म्हणजे सहसा वाचकाच्या ब्राउझरमध्ये चालणारा जावास्क्रिप्ट कोड. ॲडब्लॉकरवाले आणि कुकीला ‘नको’ म्हणणारे त्यात बहुधा येतच नाहीत. सीएसएसमधली हाक मात्र त्यांच्यातल्या बऱ्याच जणांकडूनही जाते. वर स्टेजिंग साइट, म्हणजे बदल आधी तपासून बघायची साइटची प्रत. डेव्हलपर दिवसभर रिफ्रेश मारत असेल, तर तेही तुमच्याच खात्यात.

आणखी एक मेख. ‘फॉन्ट फक्त मथळ्याला वापरू, व्ह्यू वाचतील’ असं पुष्कळांना वाटतं. नाही वाचत. सीएसएस लोड झाली की मोजणी झाली, अक्षर एक असो की हजार. जिथे फॉन्ट नकोच आहे त्या पानांवरून सीएसएसच काढा: लॉगिन, ॲडमिन, चुकीच्या पत्त्याचं पान. ती इम्पोर्टची ओळ तेवढी उडवू नका, बहुतेक करारांत तो सरळ भंग धरतात. पुढच्या वेळी व्ह्यू दरमहा मोजणार की एकगठ्ठा, हे आधी बघा. दरमहाच्या लायसन्समध्ये उरलेले व्ह्यू सहसा पुढे येत नाहीत.

वेलांटी
स्टेजिंग! तीन महिने आमचं रीडिझाइन चालू होतं, तिथे हीच सीएसएस. आत्ता काढली. पण काना_मात्रा, माझ्याच डेव्हलपरच्या रिफ्रेशचे पैसे मी का भरायचे, याचं उत्तर तुमच्याकडून अजून आलेलं नाही.

काना_मात्रा
ते मात्र चूक आहे. स्टेजिंगचे व्ह्यू वगळायला हवेत. विक्रेत्याला लिहा, मागाल तर कदाचित वळते करतील. भाव ठरवायची पद्धत मला तरीही बरोबरच वाटते.